वेळूच्या काठीला कोन किती असावे?

मासे धरण्याचा नाद आमच्या वाचकांपैकीं फारच थोड्यांच्या घरीं असेल. आमच्या स्वतःच्या घराण्यांत तर तो कोणास असल्याचें ऐकिवांत नाहीं. तेव्हां गळाच्या काठीवर आम्हीं एवढा लेख लिहावा ह्याचें कित्येकांस नवल वाटेल. परंतु मासा, गळ आणि नदी हीं तिन्ही बाजूस ठेविलीं तरी ती काठी उरतेच. आणि इंग्लंड-अमेरिकेंतील कारागीर वेळू चिरून जी काठी घडवितात, ती म्हणजे भूमितीचा एक सुंदर प्रयोग आहे. षट्कोन शिकवितांना मधमाशांच्या पोळ्याखेरीज दुसरा दाखला आम्हांस शाळेंत क्वचितच सुचे. ही काठी तेव्हां हाताशीं असती, तर दुपारच्या तासाला आमचे विद्यार्थी कमी पेंगले असते. विषयाच्या सोंवळेपणाविषयीं ज्यांना शंका येत असेल, त्यांनीं चालुक्य राजा सोमेश्वर ह्याचा बाराव्या शतकांतील 'मानसोल्लास' पाहावा. राजानें करावयाच्या विनोदांत त्यानें मत्स्यविनोदाला स्वतंत्र प्रकरण दिलें आहे.

आधीं ह्या काठीचें काम काय, तें सांगितलें पाहिजे. आपल्याकडे नदीकांठीं बसणारा मनुष्य गळाला आमिष लावतो, व त्या आमिषाच्या किंवा शिशाच्या वजनानें दोरी पाण्यांत जाते. विलायतेंतील व अमेरिकेंतील थंड ओढ्यांत ट्राउट नांवाचा मासा धरण्याची एक रीत ह्याहून वेगळी आहे. तेथें गळाभोंवतीं पिसें व रेशीम गुंडाळून खोटी माशी करतात. तिला वजन जवळजवळ नसतेंच. म्हणून ती फेंकतां येत नाहीं. फेंकावयाची असते ती दोरी. ही दोरी मुद्दाम जाड व वजनदार केलेली असते. काठी मागें नेली कीं दोरी हवेंत मागें पसरते, तिच्या ओढीनें काठी वांकते, आणि वांकलेली काठी सरळ होतांना दोरीला पुढें झुगारून देते. काठी हें येथें धनुष्य आहे, आणि दोरी हाच बाण. अशी आठ फुटी काठी जुन्या मापानें अवघी दहा-अकरा तोळे भरते. मनुष्य ती दिवसभरांत शेंकडों वेळां हलवितो, आणि दोरीबरोबर काठीला स्वतःचेंहि वजन मागें-पुढें न्यावें लागतें. थोड्यांत थोड्या वजनांत जास्तींत जास्त ताठपणा कसा साधावा, हा सारा प्रश्न तेथून निघतो.

उसाचें कांडें आडवें कापून पाहिलें तर बाहेर कठीण साल व आंत मऊ गर दिसतो. वेळूची भिंतहि ह्याच धर्तीची आहे. तिचा आडवा छेद भिंगाखालीं धरला म्हणजे त्यांत गडद ठिपके दिसतात. हे उभ्या तंतूंचे जुडगे. सालीलगत ते अगदीं दाटीनें असतात, आंत जावें तसतसे विरळ होतात, आणि शेवटीं भेंडासारखा मऊ भाग उरतो. वेळूचें सामर्थ्य त्या बाहेरच्या थरांत आहे. मग वेळू अखंडच कां वापरूं नये? कारण त्याची जाडी निसर्गानें ठरविलेली. बुंध्याशीं बोटाएवढी आणि टोंकाशीं दाभणाएवढी, शिवाय मध्यें कारागिराला हवी तशी उतरत गेलेली काठी निसर्ग देत नाहीं.

म्हणून वेळू उभा चिरतात व त्याच्या कामट्या काढतात. पतंगाची कामटी आमच्या बालवाचकांना ठाऊक आहे. ही त्याहून फार काळजीनें काढलेली. तिची साल बाहेर ठेवून आंतल्या दोन बाजू तिरप्या तासतात, म्हणजे तिचा आडवा छेद त्रिकोणी होतो. असे त्रिकोण, शिरोबिंदू मध्याशीं आणून, एकत्र चिकटविले कीं भरीव काठी तयार होते, जिच्या सर्व अंगांना सालच आहे. कामट्या ६ असल्या तर प्रत्येकीचे तिन्ही कोन ६० अंशांचे. ५ असल्या तर मधला कोन ७२ अंशांचा व सालीलगतचे ५४-५४ अंशांचे. ४ असल्या तर मधला काटकोन व बाजूचे ४५-४५ अंशांचे.

इंग्लंडांत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत तीन कामट्यांचीं टोंकें करीत. अमेरिकेंत पेनसिल्व्हेनियांतील ईस्टन गांवच्या सॅम्युएल फिलिपनें १८४५ च्या सुमारास चार कामट्यांचा प्रयोग केला. हा मनुष्य धंद्यानें बंदुका घडविणारा, आणि फिडलेंहि करी. पोलाद व लांकूड ह्या दोहोंची जाण एका हातांत आली म्हणजे असे शोध लागतात. पुढें नेवार्कचा चार्ल्स मर्फी व बँगोरचा हायरम लेनर्ड ह्यांच्या हातून सहा कामट्यांची काठी रूढ झाली. लेनर्डनें कामट्या तासण्याचें यंत्रच बनविलें, व १८८१ मध्यें आपला कारखाना न्यूयॉर्क राज्यांतील सेंट्रल व्हॅली येथें हलविला. तें यंत्र तो कुलपाआड ठेवी असें सांगतात. आठ कामट्यांच्याहि काठ्या झाल्या, पण ती तऱ्हा लवकरच मागें पडली. इंग्लंडांतील ॲल्निकच्या हार्डी बंधूंपासून अमेरिकेंतील बहुतेक कारखान्यांपर्यंत षट्कोनाचेंच राज्य झालें.

चौकोन व पंचकोन मात्र अगदींच हरले नाहींत. लेनर्डच्या हाताखालीं तयार झालेल्या यूस्टिस एडवर्ड्सचा मुलगा विल्यम ह्यानें विसाव्या शतकांत चौकोनी काठ्यांचें नांव गाजविलें, व सॅम कार्लसननें ती परंपरा पुढें चालविली. पंचकोनाची बाजू रॉबर्ट क्रॉम्प्टन ह्यानें हिरिरीनें मांडली, आणि नॅट उस्लननें तशा काठ्या करून विकल्या. ह्या पक्षांचा वाद शैव-वैष्णवांच्या वादासारखा आहे. ज्याचा त्याचा अनुभव पक्का, आणि दुसऱ्याचा तो भ्रम! चौकोनवाले म्हणतात, आमची काठी जोरदार. षट्कोनवाले म्हणतात, तुमची जड. दोघेहि हातांत काठी घेऊनच बोलतात, म्हणून ऐकणाऱ्यास कोणाला खोटें म्हणावें तें कळत नाहीं.

येथें गणिताला साक्षीस बोलाविलें पाहिजे. काठीचा ताठपणा तिच्या छेदांतील द्रव्य मध्यापासून किती दूर आहे, ह्यावर अवलंबून असतो. आकार तोच ठेवून जाडी दुप्पट केली तर वजन चौपट होतें, पण ताठपणा सोळापट. आतां सारख्या जाडीच्या, म्हणजे समोरासमोरच्या सपाट बाजूंत सारखेंच अंतर असलेल्या, एक चौकोनी व एक षट्कोनी अशा दोन काठ्या घ्या. चौकोनी काठी सुमारें ३९ टक्के अधिक ताठ निघते. हें ऐकून चौकोनवाले टाळ्या पिटतील. पण तिच्यांत द्रव्यहि साडेपंधरा टक्के अधिक आहे. म्हणजे 'जोरदार' म्हणणारा आणि 'जड' म्हणणारा हे दोघेहि खरेंच बोलत होते. न्यायाची तुलना सारख्या जाडीची नव्हे, सारख्या वजनाची. तशी केली तर षट्कोनाहून चौकोनाचा अधिकपणा उरतो तो फक्त ४ टक्के, व पंचकोनाचा जेमतेम १ टक्का. वर्तुळ सर्वांच्या तळाशीं बसतें, पण तेंहि षट्कोनाच्या मागें एका टक्क्याहून कमीच. ह्या हिशेबानें त्रिकोणी काठी तर २० टक्के पुढें जाईल! ती कोणी करीत नाहीं, कारण तिच्या धारदार कडा मध्यापासून इतक्या दूर पडतात कीं तेथील तंतू आधीं तुटतील. चौकोनी काठी करणारे कारागीर नांवाजलेल्या षट्कोनी काठीचीं मापें घेऊन त्यांना ०.९२ नें गुणतात. तेवढ्यानें दोन्ही काठ्यांचा ताठपणा सारखा होतो, आणि भांडणाचें मूळच नाहींसें होतें.

आतां ४ टक्के ही काय रक्कम आहे, तें पाहूं. काठीचें टोंक सुमारें पावणेदोन मिलिमीटर जाड असतें. हे कारागीर इंचाचे हजार भाग कल्पून माप घेतात. त्या मापानें तें ७० भाग भरतें. तेथें रंध्याखालून एकच भाग अधिक राहून गेला, तर त्या जागचा ताठपणा जवळजवळ ६ टक्क्यांनीं वाढतो. म्हणजे चौकोन आणि षट्कोन ह्यांच्यामधला जो वाद इतकीं वर्षें चालला, तो रंध्याच्या एका पातळ सालपटाहून लहान आहे. एव्हरेट गॅरिसन ह्या अमेरिकन इंजिनियरानें ही गोष्ट ओळखली होती. काठीच्या लांबीवर ठिकठिकाणीं किती ताण पडतो, ह्याचा आलेख मांडून त्यावरून जाडीचीं मापें काढण्याची पद्धति त्यानें बसविली. त्याच्या मृत्यूनंतर, १९७७ सालीं, होगी कारमायकेल ह्यानें ती ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली. गॅरिसन स्वतः षट्कोनी काठ्या करी. पण त्याचें सर्व लक्ष कोनांकडे नसून जाडी कशी उतरत जाते ह्याकडे होतें. आम्हांस त्याचेंच पटतें.

दुसरा एक समज फार रूढ आहे. चौकोनी काठी सपाट बाजूवर वांकविली तर एक, आणि कोपऱ्यावर वांकविली तर दुसराच ताठपणा दाखविते, आणि म्हणून ती दोरी डावी-उजवीकडे न जाऊं देतां नेमकी सरळ फेंकते, असें म्हणतात. शास्त्र तसें सांगत नाहीं. सर्व बाजू व सर्व कोन समान असलेल्या कोणत्याहि बहुकोनाचा ताठपणा सर्व दिशांस सारखाच असतो. मग तो चौकोन असो वा षट्कोन. फरक पडतो तो ताणांत. कोपऱ्याच्या दिशेनें वांकवितांना सर्वांत बाहेरचा तंतू मध्यापासून अधिक दूर असतो, व त्याला अधिक सोसावें लागतें. चौकोनांत हें अंतर ४१ टक्क्यांनीं वाढतें, षट्कोनांत १५ टक्क्यांनींच. शिवाय प्रत्यक्ष काठींतील सगळ्या कामट्या एका गुणाच्या नसतात. चारांपैकीं एक नरम निघाली तर काठीचा चतुर्थांश नरम झाला. सहांपैकीं एक निघाली तर षष्ठांश. एखादी काठी एका अंगानें अधिक ताठ लागते, ती बहुधा ह्या कारणानें.

आमच्या मतें आकाराचा खरा प्रश्न ताठपणाचा नसून सालीचा आहे. वेळू बाहेरून गोल, आणि काठीची बाजू सपाट. गोलावरून सपाट पट्टी काढावयाची म्हणजे मधला फुगवटा तासावा लागतो; आणि तंतूंची सर्वांत दाट वस्ती नेमकी तेथेंच. समजा, वेळूचा व्यास ५० मिलिमीटर आहे व त्यांतून साडेसात मिलिमीटर जाडीची षट्कोनी काठी करावयाची आहे. प्रत्येक कामटी ४.३ मिलिमीटर रुंद होईल, व तिचा फुगवटा ०.०९ मिलिमीटर भरेल. तितक्याच ताठपणाच्या चौकोनी काठीची कामटी ६.९ मिलिमीटर रुंद लागते, आणि तिचा फुगवटा ०.२४ मिलिमीटर, म्हणजे अडीचपटीहून अधिक. चौकोनाचा परिघ ६ टक्के जास्त असल्यामुळें त्याच्या वांट्याला साल अधिक येते हें खरें. पण एकीकडे मिळविलेलें दुसरीकडे रंध्याखालीं जातें. एवढ्यासाठीं चौकोनी काठी करणारास मोठ्या घेराचा व जाड भिंतीचा वेळू शोधून घ्यावा लागतो. आमच्या बुरुडांस हें गणित कोणी शिकविलें नाहीं, तरी कोणत्या कामाला कोणता वेळू घ्यावा हें ते बोटांनीं चांचपून सांगतात.

षट्कोन जिंकला तो कारागिराच्या बांकावर. त्याच्या कामटीचे तिन्ही कोन सारखे. त्यामुळें साच्याची एकच ६० अंशांची खांच सर्व कामाला पुरते, आणि कामटी ह्या अंगावरून त्या अंगावर उलटीत दोन्ही बाजू सारख्या तासतां येतात. चौकोनाच्या वा पंचकोनाच्या कामटीला असें हवें तसें फिरवितां येत नाहीं. पंचकोनांत तर सपाट बाजूसमोर सपाट बाजू नाहींच, कोपरा आहे. त्यामुळें माप घेणें कठीण, आणि चिकटवितांना आलेला वांक काढणें त्याहून कठीण. पुन्हां, ही काठी दोन किंवा तीन तुकड्यांची असते, व तुकडे धातूच्या गोल नळीनें सांधतात. गोल नळींत षट्कोन बसवितांना कोपरे थोडेसेच काढावे लागतात, चौकोनाचे पुष्कळ.

पंचकोनाच्या पक्षांत एक मुद्दा मात्र विचारांत घेण्यासारखा आहे. चौकोनांत व षट्कोनांत चिकटविलेला सांधा एका कोपऱ्यापासून मध्यांतून निघून समोरच्या कोपऱ्यापर्यंत सरळ जातो. काठी वांकतांना मध्याच्या पातळींत थर एकमेकांवर सरकूं पाहतात, आणि तेथेंच सलग सांधा आला तर तो उकलण्याचें भय असतें. पंचकोनांत कोपऱ्यासमोर सपाट बाजू असल्यामुळें असा आरपार सांधा पडत नाहीं. जुना सरस जनावरांच्या कातड्यांचा असे, व तो ओलीनें सुटे. म्हणून काठीला थोड्या थोड्या अंतरावर रेशमी दोऱ्याचे वेढे देत. त्या काळीं ह्या मुद्द्याला महत्त्व होतें. कृत्रिम राळेचे पक्के गोंद निघाल्यावर तें ओसरलें.

वजन कमी करावयाचें तर कोन मोजण्यापेक्षां मध्याकडे पाहणें अधिक फलदायी आहे. मध्यालगतचें द्रव्य ताठपणाच्या कामीं फारसें येत नाहीं. काठीच्या निम्म्या जाडीची पोकळी मध्यें ठेविली, तर वजन चतुर्थांशानें घटतें. ताठपणा मात्र सोळाव्या हिश्श्यानेंच, म्हणजे ६ टक्क्यांनीं. हा लाभ चौकोनाच्या ४ टक्क्यांपुढें केवढा मोठा! कॅलिफोर्नियांतील ई. सी. पॉवेल ह्यानें कामट्यांची आंतली कड खरवडून काढली, पण मध्यें मध्यें भरीव भाग राखले. सॅन फ्रान्सिस्कोच्या विन्स्टन कारखान्यांतील ल्यू स्टोनर ह्यानें आंतून लांब पन्हळी पाडल्या. दोघांचेहि शोध १९३० नंतरच्या दशकांतले. भरीव भाग राखण्याचें कारण असें, कीं पोकळ नळी वांकली म्हणजे चपटी होऊं लागते. शिवाय पोकळी वाढली तशी चिकटवावयाची जागा कमी होते.

हें वाचतांना आम्हांस हंसूं आलें. वेळू मुळांत पोकळच असतो, आणि तो चपटा होऊं नये म्हणून त्यांत गांठीगांठीला आडवा पडदा असतो. त्याच्या पोकळींत वारा शिरून नाद निघूं लागला म्हणजे त्याला संस्कृतांत कीचक म्हणतात. कालिदासानें रघुवंशांत त्या नादाची आठवण ठेविली आहे. मनुष्यानें तो पोकळ वेळू चिरला, पोकळी फेंकून देऊन त्याची भरीव काठी केली, आणि ऐंशी-नव्वद वर्षांनीं तीच काठी पुन्हां आंतून कोरून तिच्यांत पडद्यांऐवजीं भरीव गांठी ठेविल्या!

ह्या काठ्यांसाठीं लागणारा वेळू प्रथम आपल्याच देशांतून जाई, हें पुष्कळांस ठाऊक नसेल. कलकत्त्याच्या बंदरांतून जहाजांवर चढे, म्हणून त्याला 'कलकत्ता केन' म्हणत. व्यापारांत नांव बंदराचें चाललें, रानाचें चाललें नाहीं. आपल्याकडे चांदा-गडचिरोलीच्या जंगलांत जिला मानवेल म्हणतात त्याच जातीचा तो होता, असें सामान्यतः मानतात. त्यावर आगीनें डागल्याच्या काळ्या खुणा असत, व त्या जुन्या काठ्यांवर अजून दिसतात. विसाव्या शतकाच्या आरंभीं चिनी वेळूनें त्यास बाजूस सारलें. चिनी वेळू अधिक सरळ, त्याच्या गांठी कमी उठावदार, आणि सालीलगतचा तंतूंचा थर जाड व दाट. व्यापारी त्याला टोंकिनचा वेळू म्हणूं लागले, पण तो टोंकिनांतला नव्हे, क्वांगतुंग प्रांतांतला. म्हणजे नांवाचा घोटाळा येथेंहि झालाच! कँटनच्या लिंगनान विद्यापीठांत शिकविणाऱ्या एफ. ए. मॅक्लूर ह्या वनस्पतिशास्त्रज्ञानें १९३१ मध्यें त्याचें शास्त्रोक्त वर्णन करून त्याला 'अमाबिलिस' म्हणजे मनोहर हें विशेषण दिलें. त्या प्रदेशांतील डोंगरउतारांवर तो मुद्दाम लावून वाढवितात. आपला वेळू रानांतून तोडून नेलेला, आणि हा जोपासलेला. स्पर्धेंत काय व्हावयाचें तें झालें.

१९५० च्या अखेरीस अमेरिकेनें चीनच्या मालावर बंदी घातली, ती १९७१ मध्यें उठली. तेवढ्या वीस वर्षांत कांचतंतूंच्या स्वस्त काठ्यांनीं बाजार व्यापला, व १९७० नंतरच्या दशकांत कर्बतंतूंच्या काठ्या आल्या. त्या गोल आणि पोकळ असतात. त्यांना कोन एकहि नाहीं. वेळूच्या काठ्या हातानें घडविणारे कारागीर अमेरिका, युरोप व जपान येथें आजहि आहेत. क्वांगतुंगचा वेळू मागवून ते हिंवाळ्यांत रंधा चालवितात, बहुतेक षट्कोनी काठ्या करतात, आणि एखादा कोणी चौकोनाचा हट्ट धरतोच.